रक्त, पडदा आणि पहिली वीस मिनिटे

कल्याणहून नगरकडे येताना माळशेज घाट चढून आले की ओतूरच्या अलीकडे डिंगोरे लागते. हे आमचे मूळ गाव. वडिलांचे किराणा-भुसाराचे दुकान आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, जवळजवळ पन्नास वर्षे चालविले. मी एम.कॉम. करून बँकेच्या नोकरीत शिरलो, गावोगावच्या बदल्या भोगल्या आणि निवृत्तीनंतर परत आलो. आज दादांचे वय चौऱ्याहत्तर आहे. मधुमेह आणि रक्तदाब या जोडगोळीने त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली आणि २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला पुतण्या गाडी काढतो. नवकारसी झाल्यावर उघडायचा डबा वहिनी हाती देतात, मी दादांच्या शेजारी बसतो आणि ओतूर, आळेफाटा मागे टाकीत आम्ही केंद्रावर पोहोचतो.

गावात कोणी चौकशी केली की घरचेच लोक सांगतात, "रक्त बदलायला गेलेत." वस्तुतः रक्त बदलत नाही. तेच रक्त बाहेर काढले जाते, गाळले जाते आणि परत त्याच देहात सोडले जाते. हा भेद मलाही पहिली काही महिने फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. एका सोमवारी सकाळी तो एकदम महत्त्वाचा झाला.

त्या दिवशी सुया लावून मशीन सुरू झाले आणि दहा मिनिटांच्या आत दादांनी माझा हात घट्ट धरला. तळहाताला खाज सुटली होती, चेहरा लाल झाला होता, छातीवर कोणी धान्याचे पोते ठेवल्यासारखे वाटते, असे ते म्हणाले. पुढचे शब्द नीट फुटेनात. तेथील टेक्निशियन मुलगा वयाने लहान, पण हुशार. त्याने तत्काळ नळ्यांना चिमटे लावले, मशीन थांबविले, नळ्यांतले रक्त परत न देता तसेच टाकून दिले, प्राणवायू लावला आणि डॉक्टरांना हाक मारली. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने दादा सावरले. परतीच्या वाटेवर ओतूर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मशीन मला मानवत नाही. आता पुरे कर."

"पुरे कर" या दोन शब्दांचा अर्थ आमच्या घरात सर्वांना कळला. डायलिसिस थांबले तर अशा रुग्णाचे आयुष्य बहुधा दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत मोजावे लागते. म्हणून मी त्या रात्री ठरविले की, मशीन मानवत नाही म्हणजे नेमके काय मानवत नाही, हे आधी समजून घ्यायचे. पुढे जे लिहीत आहे ते त्या शोधातून आले. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. बँकेत ज्या चिकाटीने न जुळणारी खाती जुळविली, तेवढीच माझी पात्रता.

डायलिसिस हा शब्द आमच्या गावी प्रथम आला तो वर्तमानपत्रांतून आणि जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीत, १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये, चंदीगडच्या स्थानबद्धतेतून त्यांची सुटका झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. ते रुग्णालय तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. तेथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात देहावसान होईपर्यंत ते चालूच राहिले. त्यांच्यासाठी यंत्र घेण्याकरिता लोकांनी एकेक रुपया जमविला. पंतप्रधानांच्या निधीतून आलेला नव्वद हजार रुपयांचा धनादेश मात्र त्यांनी नम्रपणे परत केला. मी त्या वेळी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होतो. यंत्राचा फोटो पाहून आम्ही मुले त्याला "कृत्रिम मूत्रपिंड" म्हणत असू आणि आत काय असते याची कल्पना करीत असू.

आत असतो एक पडदा. सर्व महिमा त्याचाच.

थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये "डायलिसिस" हा शब्द रूढ केला. काही पदार्थ बारीक छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे जातात, काही अडकून राहतात, एवढेच त्याचे निरीक्षण. १९१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे ॲबेल, राउंट्री आणि टर्नर यांनी कोलोडियनच्या नळ्यांतून प्राण्याचे रक्त फिरवून ते गाळून दाखविले. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांपासून काढलेले द्रव्य वापरावे लागले. १९२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ग हास यांनी माणसावर पहिला प्रयोग केला. खरे यश मिळाले ते हॉलंडमधील कांपेन गावच्या विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरला, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अंमलाखाली, काहीही मिळत नसताना. त्याने १९४३ मध्ये सेलोफेनची लांब नळी एका लाकडी पिंपावर गुंडाळली. ही नळी मुळात मांसाहारी पदार्थांच्या वेष्टनासाठी बनविली जात असे. पिंप खाऱ्या पाण्यात फिरू लागले, आतून रुग्णाचे रक्त वाहू लागले. पहिले कितीतरी रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये सदुसष्ट वर्षांची एक बेशुद्ध स्त्री अकरा तासांच्या डायलिसिसनंतर शुद्धीवर आली आणि पुढे जगली.

सेलोफेन म्हणजे सेल्युलोज. कापूस, लाकूड, गवत यांत असतो तोच पदार्थ. पुढची तीन-चार दशके जगभरच्या डायलिसिसचा आधार हाच राहिला. तांब्याच्या क्षारात विरघळवून पुन्हा घट्ट केलेल्या सेल्युलोजचा "कुप्रोफान" नावाचा पडदा तर घरोघरच्या मलमलीसारखा सर्वत्र वापरात होता. स्वस्त, पातळ, मजबूत, आणि युरिया उत्तम गाळणारा. त्याच्यात दोष असेल असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. कापसापेक्षा निरुपद्रवी असे जगात काय आहे? आपण अंगावर तेच घालतो.

शरीराची समजूत मात्र निराळी आहे.

१९६८ मध्ये कॅपलो आणि गॉफिनेट या दोघांनी एक विचित्र गोष्ट नोंदविली. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी भराभर कमी होतात. काहींच्या बाबतीत पाचांतली एकच उरते. तासा-दोन तासांत त्या परत येतात, कित्येकदा आधीपेक्षा जास्त. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर सकाळी तिजोरीतली चार पंचमांश रोकड दिसत नाही आणि दुपारी ती आपोआप पुन्हा जागेवर असते. अशा वेळी कोणताही तपासनीस "हिशेब जुळला" म्हणून सही करणार नाही. मधल्या वेळी रोकड कुठे होती, हे तो विचारणारच.

त्याचे उत्तर १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील क्रॅडॉक, जेकब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. पेशी नष्ट झालेल्या नव्हत्या. त्या एकमेकींना चिकटून फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसल्या होत्या. रुग्णांना डायलिसिसच्या सुरुवातीला दम का लागतो, प्राणवायूचे प्रमाण का घटते, याचा उलगडा त्यातून झाला. आणि त्या पेशींना चिकट करणारा इशारा पडद्याच्या पृष्ठभागावरून निघत होता. तो कसा निघतो, हा भाग मला सर्वाधिक रंजक वाटला, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

आपल्या रक्तात तीसहून अधिक प्रथिनांची एक पहारेकरी संस्था अहोरात्र फिरत असते. तिला वैद्यकात कॉम्प्लिमेंट म्हणतात. मराठीत पूरक प्रथिने म्हणता येईल. प्रतिपिंडे तयार होण्यास दिवस लागतात. हे पहारेकरी क्षणात कामाला लागतात. त्यांतले सी-३ हे प्रथिन सतत थोड्या थोड्या प्रमाणात उघडत असते आणि समोर येईल त्या पृष्ठभागाला चिकटू पाहते. पृष्ठभाग आपल्याच पेशीचा असेल तर त्यावरची रक्षक प्रथिने "हा घरचा" अशी खूण देऊन त्याला लगेच निष्प्रभ करतात. पृष्ठभाग जिवाणूचा असेल तर अशी खूण नसते. मग एका सी-३ मागून शंभर येतात, शंभरामागून हजार.

जिवाणूंची बाह्य भिंत अनेकदा शर्करेच्या लांब साखळ्यांची असते. सेल्युलोज ही देखील शर्करेचीच साखळी, ग्लुकोजचा एकेक मणी ओवून केलेली. तिच्या प्रत्येक मण्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या मोकळ्या असतात. त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात, आणि सी-३ ला चिकटण्यास नेमके तेच आवडतात. म्हणजे पहारेकऱ्याच्या नजरेत तो निष्पाप कापूस हा दीड-दोन चौरस मीटर पसरलेला जिवाणूच. तो तुटून पडतो. त्या धुमश्चक्रीत सी-३ए आणि सी-५ए नावाचे तुकडे रक्तात सुटतात. सी-५ए पांढऱ्या पेशींना चेतवितो आणि चिकट करतो. हे दोन्ही तुकडे श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, अंगावर खाज उठते, रक्तदाब ढासळतो. शरीर चुकत नाही. ते शिकविलेले काम चोख करीत असते, फक्त शत्रू खोटा असतो.

येथे थोडा हिशेब मांडू. डायलायझर म्हणजे हातभर लांबीची पारदर्शक नळकांडी. तिच्यात केसासारख्या दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतू असतात. प्रत्येकाचा आतला व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर रक्त त्यातून वाहिले तर चार तासांत ६० ते ७२ लिटर रक्त पडद्याला स्पर्श करून जाते. देहात रक्त साधारण पाच लिटर. म्हणजे तोच थेंब बारा-चौदा वेळा परक्या दारावरून जातो, आणि हे वर्षातून १५६ वेळा. एका दिवसाची खाज आणि धाप सोसता येईल. पण पहारेकऱ्यांना दिवसाआड खोटी हाक देत राहिले तर काय होते? ते एकीकडे कायम चिडलेले राहतात आणि दुसरीकडे खऱ्या चोराच्या वेळी थकलेले असतात. डायलिसिसच्या रुग्णांत दाह आणि दुर्बळ प्रतिकार या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, त्याचे हे एक कारण. एकमेव नव्हे, मूत्रपिंड निकामी झाल्याने साठणारी विषद्रव्येही पांढऱ्या पेशींना बधिर करतात. हृदयविकारानंतर या रुग्णांच्या मृत्यूचे मोठे कारण जंतुसंसर्ग हेच असते. कावीळ-बीची लस त्यांना दुप्पट मात्रेत द्यावी लागते आणि तरीही ती अनेकांत पुरेशी लागू पडत नाही; म्हणून नंतर रक्ततपासणी करून खात्री करावी लागते.

कारण कळल्यावर उपाय दोन दिशांनी झाले. पहिला, सेल्युलोजच्या त्या मोकळ्या जोड्या झाकून टाकणे. प्रत्येक मण्यावर अशा तीन जागा. त्यांवर ॲसिटेट बसविले की पहारेकऱ्याला पकडायला कडी उरत नाही. दोन जागा झाकल्या तर डायॲसिटेट, जवळजवळ तिन्ही झाकल्या तर ट्रायॲसिटेट. दुसरा उपाय म्हणजे सेल्युलोज सोडून कृत्रिम बहुवारिके घेणे. फ्रान्समधून पॉलीॲक्रिलोनायट्राइलचा एएन-६९ हा पडदा आला, जपानमधून पीएमएमए, आणि १९८० च्या दशकात जर्मनीतून पॉलीसल्फोन. आज आपल्याकडील केंद्रांत दिसतात ते बहुतेक पॉलीसल्फोन किंवा त्याचे भावंड पॉलीइथरसल्फोन. यांच्यामुळे पांढऱ्या पेशींची ती नाट्यमय घट फारच सौम्य होते. जुना कुप्रोफान आता जवळजवळ वापरातून गेला आहे.

छिद्रांचा प्रश्नही याच ओघात सुटला. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्यांची बोटे बधिर होत, मनगटातील मज्जातंतू दबत, खांदे धरत. १९८५ मध्ये जपानमधील निगाता येथील गेज्यो आणि सहकाऱ्यांनी दाखविले की बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन सांध्यांत साठल्याने हे होते. ते पांढऱ्या पेशींच्या आणि इतर पेशींच्या पृष्ठभागावरूनच सुटते. रेणुभार सुमारे ११,८००. जुन्या सेल्युलोजच्या बारीक छिद्रांतून ते बाहेर पडूच शकत नव्हते. मोठ्या छिद्रांच्या कृत्रिम पडद्यांतून ते काही अंशी जाते.

मात्र नवे म्हणजे सर्वस्वी चांगले, हे बँकेतही खरे नव्हते आणि येथेही नाही. एएन-६९ पडद्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्याच्या स्पर्शाने रक्तात ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य तयार होते. एरवी शरीर ते सेकंदांत मोडून टाकते. परंतु रुग्ण रक्तदाबासाठी एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल अशा "प्रिल" गटातील गोळ्या घेत असेल तर ते मोडणारे विकरच बंद पडलेले असते. १९९० च्या सुमारास युरोपातून अशा रुग्णांच्या गंभीर प्रतिक्रिया नोंदविल्या गेल्या. पडदा एकटा दोषी नाही, गोळी एकटी दोषी नाही. दोघांची गाठ पडली की घात. म्हणून फॅमिली डॉक्टरने दिलेली प्रत्येक गोळी डायलिसिसच्या डॉक्टरांना दाखविली पाहिजे. आमच्या दादांच्या गोळ्या तीन डॉक्टरांनी दिलेल्या होत्या आणि तिघांचे कागद तीन पिशव्यांत होते!

तसेच, महागडा पडदा घेतला की आयुष्य वाढलेच, असेही कोणी सांगू लागले तर सावध असावे. अमेरिकेत १,८४६ रुग्णांवर झालेल्या "हेमो" अभ्यासाचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या छिद्रांच्या पडद्याने एकूण मृत्युदरात ठळक फरक पडलेला त्यात दिसला नाही. काही उपगटांत लाभाची चिन्हे दिसली, इतकेच. पहिल्या वीस मिनिटांतला फरक डोळ्यांनी दिसतो. दहा वर्षांतला फरक सिद्ध करणे कठीण असते.

एवढे वाचून झाल्यावर माझी खात्री पटली होती की, केंद्राने दादांना जुन्या सेल्युलोजचा स्वस्त पडदा लावला असणार. मी मनात तक्रारअर्जाचा मसुदाही तयार केला. तो पाठविण्यापूर्वी पुरावा हवा म्हणून एक दोनशे पानी वही घेतली आणि आडव्या रकान्यांत नोंदी सुरू केल्या: तारीख, पाकिटावरील नाव, पडद्याचा पदार्थ, नवा की धुतलेला, पहिल्या अर्ध्या तासातला त्रास, रक्तदाब. टेक्निशियन मुलगा आधी बुजला, मग स्वतःच पाकीट माझ्यापुढे धरू लागला.

"धुतलेला" या रकान्याविषयी दोन शब्द. आपल्या देशात खर्च वाचविण्यासाठी तोच डायलायझर निर्जंतुक करून त्याच रुग्णाला अनेकदा वापरण्याची पद्धत रुळली आहे. यात गंमत अशी की, जुन्या सेल्युलोजच्या पडद्यावर एका वापरानंतर रुग्णाच्याच प्रथिनांचा पातळ लेप बसे आणि दुसऱ्या वेळी पहारेकरी त्याला घरचा समजून कमी खवळत. ब्लीचने धुतले की लेप निघून जाई आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पण म्हणून पुनर्वापर निर्धोक नव्हे. रसायनाचा अंश राहणे, जंतू शिरणे, नावाची चिठ्ठी बदलणे, हे धोके असतातच. शक्य तेथे एकदाच वापरावा, असे माझे मत झाले आहे.

चार आठवड्यांत बारा नोंदी झाल्या. त्यांत तीनदा त्रास झालेला होता. पहिल्या खेपेएवढा नाही, पण खाज, शिंका, छातीत दडपण हे सारे होतेच. तिन्ही वेळा डायलायझर नवा कोरा होता. माझा संशय बळावला. मात्र "पदार्थ" या रकान्यात बाराही ओळींत एकच शब्द होता: पॉलीइथरसल्फोन. सेल्युलोज कुठेही नव्हते. माझा मसुदा तिथेच बाद झाला. शिवाय दोनदा नवा डायलायझर लावूनही काहीच झाले नव्हते. दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून भिंगाने वाचली तेव्हा फरक सापडला. उत्पादक वेगळे होते, आणि कोपऱ्यातील निर्जंतुक केल्याच्या छोट्या चौकटीत एकावर "ईओ" अशी अक्षरे होती, दुसऱ्यावर तापमापकाचे चित्र.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "काका, हे आम्हीच आधी पाहायला हवे होते." ईओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू. त्याने निर्जंतुक केलेल्या डायलायझरमध्ये, विशेषतः तंतूंची टोके ज्या पॉलीयुरेथेनमध्ये घट्ट बसविलेली असतात त्यात, वायूचा अंश दडून राहू शकतो. तो रक्तातील अल्ब्युमिनशी जोडला गेला की शरीराला परका वाटणारा पदार्थ तयार होतो आणि काही थोड्या रुग्णांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध ॲलर्जीची प्रतिपिंडे बनतात. डायलायझर धुतला गेला की वायूचा अंश निघून जातो, म्हणून त्रास फक्त नव्याच्या वेळी. दादांच्या बाबतीत हेच घडत असावे, असे त्यांचे अनुमान. केंद्राने मधल्या काळात पुरवठादार बदलला होता आणि ते रुग्णांना सांगण्याचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. माझा राग येथे होता आणि अजून थोडा आहे. खात्याचा व्याजदर बदलला तर आम्ही ग्राहकाला कळवीत होतो. ज्यातून माणसाचे सर्व रक्त बारा वेळा फिरणार ती वस्तू बदलली तर का कळवू नये?

त्या दिवसापासून दादांच्या कागदावर लाल शाईने लिहिले गेले: वाफेने निर्जंतुक केलेलाच वापरावा, आणि सुरुवातीपूर्वी जास्त सलाईनने धुवावा. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलाही चालतो. त्याच्या चौकटीत इंग्रजी "आर" हे अक्षर असते.

डॉक्टरांनी त्याच बैठकीत बजावले की, प्रत्येक प्रतिक्रियेचे खापर डायलायझरवर फोडू नका. एका डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास पाणी लागते. निरोगी माणूस आठवडाभरात पिऊन पिऊन चौदा-पंधरा लिटर पाणी पितो आणि तेही आतड्यातून पारखून रक्तात जाते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आठवड्याला ३६० लिटर पाण्याशी केवळ पडद्याच्या अंतराने भिडते. पाण्यात मेलेल्या जिवाणूंचे तुकडे असले तरी ते मोठ्या छिद्रांतून पलीकडे जाऊन थंडी-ताप आणू शकतात. गाळून पाणी पिण्याचा संस्कार आपल्याकडे बालपणापासूनचा. येथे मात्र फडके पुरत नाही, आरओ यंत्र आणि नियमित तपासणी लागते. आणि हिपॅरिनही संशयित असू शकते. २००८ मध्ये भेसळयुक्त हिपॅरिनमुळे अमेरिकेतील डायलिसिस रुग्णांना भयंकर प्रतिक्रिया आल्या होत्या. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात दुसराच पदार्थ मिसळलेला निघाला.

हिपॅरिनचा विषय निघाला तेव्हा दादांनी विचारले, ते कशापासून काढतात? खोटे सांगणे मला जमले नाही. ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळते. दादांनी त्या संध्याकाळी चौविहाराआधीही काही खाल्ले नाही. डॉक्टरांनी हिपॅरिनशिवाय, अधूनमधून सलाईन सोडत डायलिसिस करून पाहण्याची तयारी दाखविली, दोनदा केलेही. दुसऱ्या वेळी डायलायझर गोठला आणि आतले रक्त वाया गेले. आधीच हिमोग्लोबिन नऊ. शेवटी दादांनी हिपॅरिन घेण्याचे ठरविले आणि रोजच्या प्रतिक्रमणात त्याची आलोचना करतात. हा निर्णय बरोबर की चूक, हे मी ठरविणार नाही. ज्या घरात ही वेळ येईल त्यांना निदान आधी माहीत असावे, म्हणून लिहिले.

आपल्या समाजाने या क्षेत्रात पुष्कळ काम केले आहे. डिंगोऱ्यावरून जाणारा आमचा महामार्ग ज्या नगर शहरात पोहोचतो, तेथे जैन सोशल फेडरेशनने आचार्य आनंदऋषीजींच्या नावे रुग्णालय उभारले आहे आणि सवलतीच्या दरातील डायलिसिस हा त्याच्या सेवेचा भाग आहे. इतरत्रही अनेक ट्रस्ट यंत्रे देतात. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, असा आकडा सांगितला गेला होता. दानाच्या पाटीवर यंत्राची किंमत लिहिली जाते. त्याबरोबर पाण्याच्या तपासणीचा आणि चांगल्या डायलायझरचा वर्षानुवर्षांचा खर्चही कोणीतरी उचलावा, अशी माझी दात्यांना विनंती आहे. यंत्र एकदा येते, पडदा दर आठवड्याला लागतो.

बाकी पथ्यपाण्याविषयी लिहीत नाही. बटाट्यातील पोटॅशियम टाळा, असे आहारतज्ज्ञ बाई सांगू लागल्या तेव्हा वहिनींनी "आमच्यात तो येतच नाही" म्हणून त्यांना निरुत्तर केले. पण केळी, सुकामेवा आणि नारळपाणी यांची यादी वाचल्यावर त्याही गप्प झाल्या.

वहीची आता तिसरी आवृत्ती चालू आहे. परवाची नोंद: वाफेने निर्जंतुक, नवा, पहिल्या अर्ध्या तासात त्रास नाही, रक्तदाब १४०/८०. पाकीट फोडण्याआधी टेक्निशियन मुलाने कोपऱ्यातली चौकट स्वतःच मोठ्याने वाचून दाखविली. दादा झोपेत होते. तरी त्यांनी डोळे न उघडता "लिहून घे" म्हटले.